हौसाबाईंना घरी सोडताना

एसटी फाट्यावर थांबली तेव्हा हौसाबाई माझ्या आधी उतरल्या आणि सरळ रस्त्याकडेच्या हापशाकडे गेल्या. मी दांडा हापसला. त्यांनी तोंड धुतलं, पदराने टिपलं, पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि आरशाशिवायच कपाळाला बोट लावलं.

"सिस्टर, मधोमध आलंय का?"

"आलंय."

"नवऱ्यानं बघावं म्हणून नाही हो. इतक्या वर्षांनी बघून काय करणार तो. पण वेडी दिसायला नको."

मी तेव्हा मनोरुग्णालयात बायकांच्या वॉर्डात नर्स होते. या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. त्या वर्षी नवे अधीक्षक आले होते. बऱ्या झालेल्या कितीतरी बायका केवळ न्यायला कोणी येत नाही म्हणून वॉर्डात राहिल्या आहेत, हे त्यांना सहन होईना. घरी पत्रं पाठवली तर उत्तर येत नसे. मग त्यांनी ठरवलं, पत्र नको, माणूसच घेऊन जायचं. नर्सने सोबत जायचं, घरच्यांना औषधं समजावून सांगायची आणि पुढेही अधूनमधून जाऊन बघायचं. पहिलं नाव हौसाबाई खराडे यांचं निघालं.

त्यांना नवऱ्याने आणलं तेव्हा त्या अगदी तरुण होत्या. दुसरं बाळंतपण झालेलं, ते मूल जगलं नव्हतं, आणि त्यानंतर त्यांचं डोकं फिरलं होतं. घरी तीन वर्षांचा संपत होता. नवरा दोनदा भेटायला आला, मग यायचा थांबला. मी नोकरीला लागले तोवर हौसाबाई बऱ्या होऊन शिवणखात्यात मशीन चालवत होत्या. रोज एक गोळी, बाकी काही नाही.

सकाळी स्टँडवर त्यांनी लिमलेटच्या गोळ्यांची पुडी घेतली होती.

"हौसाबाई, संपत आता बाप्या माणूस झाला असेल."

"माहीत आहे. पण रिकाम्या हातानं कसं जायचं?"

फाट्यापासून बोरगुंडी गाव चालत अर्ध्या तासावर. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या, काढणी उरकलेल्या. मधूनमधून बेदाण्याच्या शेड, हिरव्या जाळीने झाकलेल्या. जवळून जाताना गंधकाचा उग्र वास येई.

"हे काही नव्हतं," हौसाबाई म्हणाल्या. "सगळी शाळूची ज्वारी असायची. सिस्टर, मला घर नाही सापडलं तर?"

"विचारू कुणाला तरी."

"नको, विचारायचं नाही. मी शोधते."

त्यांनी शोधलं. घरावर आता स्लॅब होता, रंग दिला होता, पण खालचं दगडी जोतं त्यांनी ओळखलं. दार उघडंच होतं. वीस-एकवीस वर्षांची एक पोरगी उंबऱ्यात बसली होती. केस विंचरलेले नव्हते. आत तान्हं मूल रडत होतं.

"कोण पाहिजे?"

मी वाटभर एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते म्हणायच्या आत हौसाबाईंनी विचारलं, "दत्तू खराड्यांचं घर ना हे?"

"होय. मामंजी माझे. ते वारले की. लई वर्षं झाली." तिने आमच्या पिशव्यांकडे पाहिलं. "तुम्ही लसीच्या बाई का?"

हौसाबाईंनी एक हात भिंतीला टेकवला.

"हो," त्या म्हणाल्या. "बाळ आहे ना घरात?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आम्ही आत गेलो. तिचं नाव सुवर्णा. मुलगी दोन महिन्यांची. बाळंतपणाला माहेरी गेली होती, पण तिथे आई नव्हती, भावजय होती. आणि इकडे बेदाण्याचं काम सुरू झालं म्हणून सव्वा महिना झाल्या झाल्या तिला परत आणलं होतं.

"घरात कोण कोण?" हौसाबाईंनी विचारलं.

"हे आनि मी. चुलतसासू पलीकडं ऱ्हाती."

"आणि सासू?"

"ती ह्यांच्या लहानपनीच वारली. मी फोटोबी बघितला न्हाई."

"बरं," हौसाबाई म्हणाल्या. "पाणी देतेस का, पोरी?"

सुवर्णा आत गेली. मी हळूच म्हटलं, "हौसाबाई, आता सांगू या. मी सांगते."

"थांबा जरा. बाळ किती वेळ रडतंय बघा. ती त्याच्याकडं बघतसुद्धा नाही."

मी बघितलं. खरं तर ते आधी मलाच दिसायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष हौसाबाईंवर होतं. सुवर्णा पाणी घेऊन आली. तिच्या पोलक्यावर दूध झिरपून डाग पडले होते. पाळण्याजवळून ती अशी चालत आली, जणू तो रिकामा आहे. मी उठून बाळाला उचललं. ते तापलेलं नव्हतं, आजारी नव्हतं. भुकेलेलं होतं.

हौसाबाईंनी फुलपात्र खाली ठेवलं आणि सुवर्णाला स्वतःजवळ बसवलं.

"झोप लागते का?"

"न्हाई."

"बाळ झोपलं तरी?"

"तरीबी न्हाई."

"भूक?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"एकटी असलीस की रडू येतं?"

"आता रडूबी येत न्हाई," सुवर्णा म्हणाली.

हे प्रश्न माझे होते. रोज सकाळी खाटेखाटेपाशी जाऊन मी ते विचारत असे. हौसाबाईंनाही कित्येक वर्षं विचारले होते. पण माझ्यापुढे त्या पोरीने तोंड उघडलं असतं असं मला वाटत नाही. मी बाळाला मांडीवर थोपटत राहिले.

"मरावं असं वाटतं?" हौसाबाईंनी तितक्याच शांतपणे विचारलं.

सुवर्णाने पोलक्यावरचा ओला डाग पदराने झाकला.

"ही रडायला लागली की माझं पाय विहिरीकडं जात्यात," ती म्हणाली. "काल काठापतुर गेले हुते. हिला घेऊन. मग कुत्रं भुंकलं."

"घरात कुणाला सांगितलंस?"

"काकी म्हनत्यात, पोरगी झाली म्हनून नाटकं करती. अमावस्येला देवऋषाकडं न्यायचं ठरलंय."

हौसाबाईंनी तिचा हात हातात घेतला. "मालक कुठं आहेत तुझे? बोलाव त्यांना. शेजारचं कुणी असेल तर हाक मार."

संपत शेडवरून आला तेव्हा दुपार कलली होती. तोवर मी सुवर्णाला समोर बसवून बाळाला पाजायला लावलं होतं आणि हौसाबाईंनी चूल पेटवून भात टाकला होता. दारात सावली पडली. उंच, काटक, डोळे खोल गेलेले. मी हौसाबाईंकडे बघायचं टाळलं. त्यांनी पिशवीतून पुडी काढली आणि हात पुढे केला.

"घ्या. उन्हातनं आलात."

त्याने कोण, काय न विचारता एक लिमलेटची गोळी उचलून तोंडात टाकली आणि टेकून बसला. फार दमलेला दिसत होता.

"हिला काय झालंय का?" त्याने मला विचारलं.

मी सांगितलं. बाळंतपणानंतर काही बायकांना हा आजार होतो, त्यात तिचा दोष नसतो, औषधाने बरं वाटतं. पण आजच डॉक्टरला दाखवायला हवं, कारण हिच्या जिवाला धोका आहे. आणि बाळाच्याही.

"कसला डॉक्टर?"

"मनाच्या आजाराचा."

तो उठून उभा राहिला.

"न्हाई बाई. तसला डॉक्टर नको. माझ्या आईला असंच नेलं हुतं. नेलं ते नेलंच. तिथंच मेली ती. बा म्हनला, निरोप आलाय. माझं डोकं भादरलं, तेरावं घातलं. लहान हुतो, पर मला सगळं ध्यानात हाय. हितं वस्तरा लागला हुता." त्याने कानामागे हात लावला. "हिला मी पाठवनार न्हाई. हितंच ऱ्हाऊ दे. कशीबी."

माझ्या पिशवीत दवाखान्याचा कागद होता, त्यावर हौसाबाईंचं पूर्ण नाव होतं. मी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. पण ते वाक्य बोलण्याचा हक्क माझा नव्हता.

हौसाबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि हात पुसत त्या बाहेर आल्या.

"मी सिस्टर नाही," त्या म्हणाल्या. "सिस्टर ह्या आहेत. मी ह्यांची पेशंट. त्याच दवाखान्यात होते मी. लई वर्षं. मलाही बाळंतपणानंतरच झालं होतं, हिच्यासारखंच. पण मला कुणी विचारलं नाही. कोंबड्या उतरवल्या, अंगारे लावले, आणि मग फार उशिरा नेलं. माझ्याकडं बघा तुम्ही. नीट बोलते का नाही मी? आज एसटीचं तिकीट मी काढलं. भात मी टाकला. आज नेलीत तर हिला तिथं राहावंसुद्धा लागायचं नाही. हो ना, सिस्टर?"

"हो," मी म्हटलं. "घरी राहूनच औषध घ्यायचं. मी दर शनिवारी येऊन बघून जाईन."

संपत हौसाबाईंकडे बघत राहिला. इतका वेळ, की मला वाटलं त्याने ओळखलं. पोटच्या मुलाला त्या 'तुम्ही' म्हणत होत्या आणि तो त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाकडे, हातातल्या काचेच्या बांगड्यांकडे पाहत होता.

"मग माझ्या आईला वळखत असाल तुम्ही," तो म्हणाला.

"नाव काय?" हौसाबाईंनी विचारलं.

"हौसाबाई."

"होती. माझ्या शेजारच्याच खाटेवर."

"कशी हुती?"

"शिवण चांगलं करायची. बोलायची कमी. तुमचं नाव घ्यायची. संपा म्हणायची ना तुम्हाला?"

त्याने तोंड फिरवलं. "आता कुनी म्हनत न्हाई," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "शेवटाला लई हाल झालं का तिचं?"

"नाही," हौसाबाई म्हणाल्या. "बरी होऊन गेली ती."

तो बाहेर गेला. हौदावर पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात किल्ली होती.

"टेंपो काढतो," तो म्हणाला.

"आधी दोन घास खाऊन घ्या," हौसाबाई म्हणाल्या.

तो तिथेच बसून भात जेवला. त्यांनी वाढला.

जिल्ह्याच्या गावी आमच्या ओळखीचे डॉक्टर होते. त्यांनी सुवर्णाला तपासलं, औषध लिहून दिलं, संपतला बाजूला घेऊन नीट समजावलं. तिला एकटं सोडायचं नाही, रात्री बाळ तिने नाही, दुसऱ्या कोणीतरी सांभाळायचं. संपत म्हणाला, मी सांभाळतो, बागेवर गडी ठेवतो. सगळ्या वाटेत टेंपोत बाळ हौसाबाईंच्या मांडीवर होतं. स्टँडवर आम्हाला उतरवताना सुवर्णाने ते घ्यायला हात पुढे केले. हौसाबाईंनी दुपटं सारखं केलं आणि बाळ दिलं.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "का नाही सांगितलंत?"

त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"आज सांगितलं असतं तर उद्या गावानं काय म्हटलं असतं? वेडी सासू आली आणि सुनेला लागलं. मग त्या पोरीला गोळी कोण देणार? देवऋषाकडंच नेणार. आणि त्यानं तरी एका दिवसात किती उचलायचं, सिस्टर? बायको, तान्ही पोर, आणि वर मेलेली आई."

"आणि तुमचं?"

"माझं काय? मी बरी आहे."

"तुमचे मालक..." मी म्हणायला लागले. त्यांनी कपाळावरच्या कुंकवाला हात लावला, जरा विचार केला आणि हात खाली घेतला.

"राहू दे. मला आवडतं म्हणून लावते मी."

थोड्या वेळाने त्यांना झोप लागली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हलले नाही. क्वार्टर्समध्ये मी एकटी राहत होते. आईवडील गेलेले, भाऊ मुंबईला, चर्चमधल्या बायका सणासुदीला भेटणाऱ्या. रविवारी दुपारी हौसाबाई वॉर्डाच्या ओट्यावर मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावत. 'एस्तेर सिस्टर, केस गळायला लागले तुमचे,' म्हणत. तेवढाच काय तो माझ्या डोक्यावरून कुणाचा हात फिरत असे. त्या माझ्याबरोबर परत येत आहेत याचं मला बरं वाटत होतं, आणि तसं वाटतंय हे मला मुळीच आवडत नव्हतं.

मी शनिवारी बोरगुंडीला जायला लागले. पहिले काही आठवडे सुवर्णा फक्त मान हलवायची. मग एकदा तिने मला चहा विचारला. मग एकदा मी गेले तेव्हा तिची वेणी घातलेली होती आणि ती बाळावर ओरडत होती, आया ओरडतात तशी. त्या दिवशी मी फाट्यापर्यंत गाणं गुणगुणत आले. दर वेळी वॉर्डात परतले की हौसाबाई मशीन थांबवत आणि एकच विचारत. बाळ पालथं पडलं का? बसायला लागलं का? दात आले का?

पाऊस सरत आला तेव्हा सुवर्णाने मला दारापर्यंत येऊन विचारलं, "सिस्टर, त्या मावशींचं नाव काय?"

"का गं?"

"ह्यांची कपाळपट्टी आनि त्यांची येकच हाय. मी त्या दिवशी बघत हुते. तवा डोस्क्यात काय ठरत नव्हतं. आता रोज ह्यांच्याकडं बघते."

"त्यांना विचारून सांगते," मी म्हटलं.

हौसाबाईंना सांगितलं तर त्या उठून गेल्या. पुढचा अख्खा आठवडा त्यांनी तो विषय काढला नाही. शुक्रवारी संध्याकाळी माझ्यापाशी आल्या.

"उद्या जाणार ना? सांगा तिला."

मी सांगितलं. सुवर्णाने ऐकून घेतलं, पदराने डोळे पुसले, आत जाऊन दूध उतू जात होतं ते उतरवलं आणि परत आली.

"त्यांना तिखट चालतं का?" तिने विचारलं.

संपत न्यायला आला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. वॉर्डाच्या दाराशी उभा राहिला, आत येईना. हौसाबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. मग तो खाली वाकला, त्यांच्या चपला पायांपुढे सरकवल्या आणि म्हणाला, "आई, घाल. बाहेर खडी टाकलीय."

हौसाबाई जाताना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "जा आता. गाडी चुकेल."

गावात सांगितलं गेलं, की चुकीचा निरोप आला होता, बाई कर्नाटकात एका मठात होती, आता सापडली. दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही. मी आणखी दोन शनिवार गेले. दुसऱ्या वेळी सुवर्णा मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि पायाने माती उकरत म्हणाली, "सिस्टर, राग मानू नका. तुम्ही येताय ते आम्हाला बरंच वाटतं. पर लोक इचारायला लागल्यात, ही बाई कोन, सारखी का येती. आम्हा दोघींच्या गोळ्या हे तालुक्यातनं आनतील."

"बरोबर आहे," मी म्हटलं. आणि ते बरोबरच होतं. दोघी वेळेवर औषध घेत होत्या, घर सांभाळत होत्या. मी जायचं काही कारण उरलं नव्हतं.

पुढे मला जिल्ह्यातल्या अशा घरांचं कामच मिळालं. वॉर्ड सुटला, गावोगाव हिंडणं सुरू झालं. असंच एकदा उन्हाळ्यात शेजारच्या वाडीवर गेले होते. काम लवकर आटपलं. पहिल्या भेटीला दोन वर्षं होत आली होती. पाय आपोआप बोरगुंडीकडे वळले.

ओट्यावर हौसाबाई बसल्या होत्या. अंगाने भरल्या होत्या. पुढ्यात नात बसलेली, तिच्या डोक्याला तेल लावणं चाललं होतं. शेजारी एक म्हातारी बेदाणे निवडत होती. ती काकी असावी; माझ्या शनिवारी ती नेहमी कामाला बागेत असायची, आमची गाठ कधी पडली नव्हती. मला पाहून हौसाबाईंचा हात थांबला.

"कोन गं ही?" काकीने विचारलं.

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "कुणास ठाऊक. पत्ता चुकलेल्या दिसतात बाई."

"कुनाचं घर पायजे?" काकीने मला विचारलं.

"मोहित्यांचं," मी म्हटलं. तोंडाला आलं ते नाव घेतलं.

"मोहिते तिकडं, वड्याच्या पल्याड."

"ऊन आहे," हौसाबाई म्हणाल्या. "पाणी पिऊन जा."

त्यांनी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. तांब्या माझ्या हातात देताना त्यांनी तो लगेच सोडला नाही. त्यांच्या बोटांना तेल होतं. मी पाणी प्यायले, बरं आहे म्हटलं आणि निघाले. फाटा उजव्या हाताला होता. पण काकी बघत होती, म्हणून मी ओढ्याच्या दिशेने चालत राहिले.